‘घरी बसून’ म्हणणाऱ्या वाचकाला

हॉर्निमन सर्कल ते मरीन ड्राइव्ह वेगळा सायकलमार्ग हवा, असं म्हणणाऱ्या माझ्या लेखाखाली ‘एक मुंबईकर’ लिहितात: “घरी बसून नकाशावर रेघा ओढायला काय जातंय? पार्किंग काढलंत तर दुकानदारांनी काय करायचं? मे महिन्यात सायकल चालवणार कोण? बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) सायकल ट्रॅकचं काय झालं, विसरलात? आणि चर्चगेटहून समुद्र दोन मिनिटांत?”

शेवटचं आधी. दोन मिनिटं हे चुकलंच, सिग्नल धरला नव्हता. पाच म्हणा. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘घरी बसून’. साहेब, आपली ओळख नाही. नाव झाकून लिहिणाऱ्याशी होणार तरी कशी? माझे वडील गिरगावातून फोर्टातल्या बँकेत तीस वर्षं सायकलने गेले. त्याच सायकलवर मी दांड्याखालून पाय घालून कैची शिकलो. वीर नरिमन रोडने मी स्वतः २००९पासून सायकल चालवतोय. हुतात्मा चौकाचा वळसा, ओव्हल आणि क्रॉस मैदानामधला सावलीचा तुकडा, मग चर्चगेटची झुंबड. सगळा मिळून जेमतेम दीड किलोमीटर, पण त्यातला खड्डा न् खड्डा पाठ आहे. २०१६च्या पावसाळ्यात चर्चगेटच्या पुढे, कडेला उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं आणि मी हँडलवरून थेट डांबरावर. खांद्याचं हाड मोडलं. गाडीवाला वर मलाच म्हणतो, “दिसत नाही का?” तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच आवाज कानात आला. तेव्हा हो, सहा आठवडे हात झोळीत घालून मी घरीच बसलो होतो आणि या रेघा तेव्हाच ओढल्या.

म्हणून तर लिहिलं होतं की नुसता रंगाचा पट्टा नको. उभ्या गाड्यांच्या बाहेरून पट्टा मारला की सायकलवाल्याच्या एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला बेस्टची बस. सायकल फुटपाथ आणि गाड्यांच्या मध्ये हवी, दार उघडेल एवढी जागा सोडून, आणि मध्ये दगडी कठडा. पार्किंग ‘काढा’ असं मी कुठेही म्हटलेलं नाही, ‘सरकवा’ म्हटलंय. वाचायची तसदी घेतली असतीत तर दिसलं असतं.

दुकानदारांचं दुकानदार बोलतील. मे महिन्याचं चर्चगेटबाहेरच्या डबेवाल्यांना विचारा, माझ्याकडे वेळ नाही. बीकेसीत ट्रॅकवर गाड्या लागल्या, हा दोष सायकलचा? आणि कोस्टल रोडवर तर सायकलला बंदीच आहे. निदान दीड किलोमीटरवरच्या समुद्रापर्यंत तरी जाऊ द्याल की नाही?

पुढचं नावानिशी लिहा. नाहीतर रविवारी सकाळी सातला हॉर्निमन सर्कलच्या बागेपाशी या. वडिलांची सायकल अजून आहे, ती तुम्हाला देतो. ब्रेक जरा सैल आहेत.