‘फक्त क्रॅश आहे’ हे आमचं उत्तर चुकीचं होतं: एक ताऱ्याच्या अभिप्रायाला जाहीर उत्तर

नमस्कार,

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. ईमेलने आलेली जेमतेम ४ केबीची पीडीएफ आमच्या व्ह्यूअरमध्ये उघडली, रॅम भरली आणि अख्खा संगणक अडकला. रीस्टार्ट केल्यावर व्ह्यूअरने तीच फाइल आपणहून उघडली आणि पुन्हा तेच झालं. सपोर्टने ‘हा फक्त क्रॅश आहे, सुरक्षेचा प्रश्न नाही’ असं कळवलं. पुढचं अपडेट टाकल्यावरही फरक पडला नाही. डेटा चोरीला गेला का आणि अँटिव्हायरस गप्प का बसला, असंही तुम्ही विचारलं आहे.

सपोर्टचं उत्तर चूक होतं. बाहेरून आलेली फाइल ठरवून तुमचं काम बंद पाडू शकत असेल, तर ती सुरक्षेतली त्रुटीच. तिला डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवा बंद पाडणारी त्रुटी, म्हणतात. त्रुटीची तीव्रता ० ते १० मध्ये मोजणाऱ्या सीव्हीएसएस ३.१ या पद्धतीत गोपनीयतेला धक्का नाही, डेटात फेरफार नाही, पण उपलब्धतेवर पूर्ण परिणाम, आणि फाइल वापरणाऱ्याने स्वतः उघडावी लागते, असं धरलं की ५.५ गुण येतात, म्हणजे मध्यम. व्ह्यूअरमधला पान काढणारा भाग, म्हणजे इंजिन, सर्व्हरवर बसवून कोणीही अपलोड केलेल्या पीडीएफची चित्रं बनवायला लावलं, तर कुणाच्या क्लिकची गरजच उरत नाही आणि तीच त्रुटी ७.५ वर, उच्च गटात जाते. ‘फक्त क्रॅश’ म्हणणाऱ्याने हा दुसरा वापर डोळ्यांपुढे आणलाच नव्हता.

आता पहिलं अपडेट का फसलं ते. लेटरहेड, शिक्का, वॉटरमार्क असा तुकडा एकदाच लिहून हव्या तितक्या वेळा वापरता यावा म्हणून पीडीएफमध्ये ‘फॉर्म एक्सऑब्जेक्ट’ असतो. एका फॉर्ममधून दुसरा बोलावता येतो. एखादा फॉर्म स्वतःलाच बोलावू लागला की फेरा संपत नाही. प्रत्येक फेरीला स्टॅकवर, म्हणजे अर्धवट कामांची नोंद ठेवणाऱ्या मेमरीत, थोडी जागा लागते, आणि विंडोजवर प्रोग्रामच्या मुख्य थ्रेडला (कामाच्या मुख्य धाग्याला) सहसा १ एमबीच स्टॅक मिळतो. तो संपला की प्रोग्राम खाली बसतो (त्रुटींच्या प्रकारांच्या सीडब्ल्यूई यादीत क्रमांक ६७४). पहिल्या अपडेटमध्ये आम्ही एवढंच बंद केलं: फॉर्म आपल्याच साखळीत पुन्हा दिसला तर थांबायचं, आणि खोली ठरावीक पातळीपलीकडे जाऊ द्यायची नाही.

तुमच्या फाइलमध्ये फेरा नाहीच. पहिला फॉर्म दुसऱ्याला १० वेळा बोलावतो, दुसरा तिसऱ्याला १० वेळा, अशा फक्त १० पातळ्या. खोली १० म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत, आणि कोणीही स्वतःकडे परत येत नाही. दोन्ही तपासण्या निमूटपणे पास. पण शेवटच्या पातळीवरचं चित्र १० चा १० वा घात, म्हणजे १००० कोटी वेळा काढायचं असतं. त्यात आमची आणखी एक चूक मिसळली. पान झटपट स्क्रोल व्हावं म्हणून आम्ही रेखाटनाचे सगळे आदेश आधी उलगडून यादीत साठवत होतो. एका आदेशाला ३२ बाइट धरले तरी ३२० जीबी होतात. रॅम संपल्यावर विंडोज मेमरीतला मजकूर संथ डिस्कवर हलवू लागते, म्हणून व्ह्यूअरच नव्हे, अख्खं मशीन अडकलं.

नव्या आवृत्तीत पानाच्या एकूण आदेशांवर मर्यादा आहे, खोली कितीही असो. फॉर्म उलगडून साठवणं बंद केलं. आता त्याचा फक्त उल्लेख साठतो. पान काढण्याचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवलं आणि विंडोजच्या जॉब ऑब्जेक्टने (प्रोसेसवर मर्यादा घालणाऱ्या सोयीने) तिच्या मेमरीला कुंपण घातलं. ती मेली तरी तुमचे बाकीचे टॅब आणि न साठवलेल्या टिपा जिवंत राहतात. केवळ वेळेची मर्यादा लावणं सोपं होतं, पण जुन्या संगणकावर चांगल्या फाइलीही तिच्यात सापडतात. याची किंमत मात्र आहे: लाखो रेषांचे नकाशे आणि अभियांत्रिकी आराखडे कधीकधी अर्धेच दिसतील आणि ‘पुढे काढायचे का’ असं विचारलं जाईल. फाइल ओळखीची असेल तर खुशाल ‘हो’ म्हणा.

डेटाबद्दल: या त्रुटीतून फाइल वाचली जात नाही, बाहेर काही पाठवलं जात नाही, आणि दुसऱ्याच्या मेमरीत काही लिहिलं जात नाही. गेलं असेल ते न साठवलेलं काम, आणि ते नुकसान आम्ही छोटं मानत नाही. अँटिव्हायरस गप्प बसला, कारण फाइलमध्ये पकडण्यासारखा कोडच नाही. प्रत्येक ऑब्जेक्ट नियमात बसतो; घात आहे तो त्यांच्या गुणाकारात. म्हणून पीडीएफमध्ये चालू शकणारी जावास्क्रिप्ट बंद ठेवण्याचा इथे उपयोग नाही. (ती बंदच ठेवा, पण त्याची कारणं वेगळी.)

रीस्टार्टनंतरचा फेरा हा सरळसरळ आमचा ढिसाळपणा. आता फाइल उघडण्यापूर्वी व्ह्यूअर खूण करून ठेवतो आणि पहिलं पान नीट दिसल्यावर ती पुसतो. पुढच्या वेळी खूण तशीच सापडली तर ती फाइल आपणहून उघडत नाही.

जुन्या आवृत्तीत अजून अडकला असाल, तर टास्क मॅनेजरमधून व्ह्यूअर बंद करा, ती पीडीएफ ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून हलवा किंवा तिचं नाव बदला, आणि मगच व्ह्यूअर सुरू करून अपडेट घ्या. फोल्डर उघडण्याआधी एक्सप्लोररमधला प्रिव्ह्यू पेन (निवडलेली फाइल बाजूला दाखवणारा भाग) ऑल्ट आणि पी दाबून बंद करा. तो चालू असेल तर फाइलवर नुसती एक क्लिकही आमचं इंजिन जागं करते. अपडेटनंतर संगणक एकदा रीस्टार्ट करा, नाहीतर प्रिव्ह्यूचा जुना भाग मेमरीत तसाच राहू शकतो.

सर्व्हरवर आमचं इंजिन वापरणाऱ्यांनी अपडेटवरच विसंबू नये. प्रत्येक फाइलचं काम स्वतंत्र प्रोसेसमध्ये, मेमरी आणि सीपीयू वेळ दोन्हींची मर्यादा लावून चालवा. फसलेलं काम रांगेत आपोआप परत टाकू नका. एकच फाइल एकामागून एक सगळे वर्कर (रांगेतली कामं करणाऱ्या प्रोसेस) पाडते.

तुमची फाइल पुन्हा तपासायची असल्यास पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये पाठवा आणि पासवर्ड मेलमध्येच लिहा. तो गुप्ततेसाठी नाही, वाटेतल्या मेल स्कॅनरने ती उघडून स्वतःच अडकू नये म्हणून.