सरासरीइतका पाऊस झाला म्हणजे दुष्काळ नाही, हे खरे नव्हे

‘सरासरीइतका पाऊस झाला, तरी शेतकरी दुष्काळ म्हणतात’, असा एक संदेश सध्या मोबाइलवर फिरत आहे. त्यातील पावसाचा आकडा बरोबर असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

हंगामाची बेरीज पाऊस कधी पडला हे सांगत नाही. 2023 मध्ये देशात जून ते सप्टेंबर या काळात दीर्घकालीन सरासरीच्या 94 टक्के पाऊस झाला. पण जुलैमध्ये सरासरीहून 13 टक्के अधिक पडलेल्या पावसाने ऑगस्टमध्ये अशी दडी मारली की, 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात याच दिवसांत सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. तेव्हा काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भरदुपारी पीक माना टाकते, फूल गळते आणि शेंगेत दाणा भरत नाही. सप्टेंबरात पाऊस परतला, बेरीज सावरली, तरी गेलेला दाणा परत येत नाही.

दुसरे म्हणजे, एका दिवसात कोसळलेले पाणी मुरत नाही. काळी माती भिजून फुगते, खालचा बेसॉल्ट हा काळा कातळ पाणी फारसे धरत नाही, आणि ते माती घेऊन ओढ्याला जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले आहे.

त्यामुळे बेरजेसोबत पावसातील खंडही पाहावा, आणि हा संदेश पुढे पाठवू नये, ही कळकळीची विनंती.