मेथीसाठी जिना कोण चढणार?

सकाळी चहाचा घोट घेते न घेते तोच सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि डोकंच फिरलं. आपल्या पुण्यातल्या महात्मा फुले मंडईचा, ड्रोनवरून काढलेला. मधला अष्टकोनी मनोरा, त्यावर पिवळी-निळी रोषणाई, मागे बासरी. आणि खाली मजकूर: भाजीवाल्यांना दुसरीकडे जागा द्यावी, आत कॅफे, हस्तकलेची दुकानं, लाइव्ह म्युझिक सुरू करावं, म्हणजे पेठेला पुन्हा जान येईल! त्याखाली अंगठ्यांचा नुसता पाऊस.

पुन्हा जान येईल म्हणे. गेली कधी होती? रविवारी संध्याकाळी तुळशीबागेतून मंडईकडे चालत येऊन दाखवा आणि मग बोला.

जुन्या इमारती पाडाव्यात असं माझं मुळीच म्हणणं नाही. तुमचंही नसणार, नाहीतर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये काय करताय? दगडी कमानी, कौलं, लाकूडकाम, सगळं राखलंच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की राखायचं कोणासाठी.

आम्ही लग्नानंतर दुसऱ्या भागात राहायचो, तिथल्या मंडईची गोष्ट सांगते. मंडईचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला पहिलाच ओटा मावशींचा. मेथी, शेपू, चुका, आंबट चुक्याबरोबर दोन हिरव्या मिरच्या फुकट. इमारत जुनी, गळकी. दुरुस्ती निघाली. मावशींना सांगितलं, "तात्पुरतं उठा, काम झालं की आहे तिथेच जागा." हातात एक चिठ्ठी दिली. मावशींनी ती लॅमिनेट करून घेतली आणि पैशांच्या बटव्यात ठेवली.

मग काम लांबलं. लांबणारच. इमारत शेवटी झाली, आणि खोटं कशाला बोलू, देखणी झाली. फक्त मावशींच्या ओट्याच्या जागी जिना आला. त्यांना गाळा मिळाला वरच्या मजल्यावर. नवा कोरा, पांढऱ्या फरशीचा. मी गेले होते बघायला. मावशी एकट्या बसलेल्या, मेथीवर पाणी मारत. म्हणाल्या, "कोन चढतंय बाई जिना, मेथीच्या जुडीसाठी?"

व्हिडिओ बघताना तो जिनाच डोळ्यांसमोर आला.

आणि ही इमारत फुल्यांच्या नावाची आहे, याची तरी काही चाड? 1886 साली ती झाली तेव्हा तिचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. जोतीराव 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला त्यांचंच नाव लागलं. गंमत आहे खरी. पण पैसा कोणाच्या कामी येणार, हा जोतीरावांचा प्रश्न होता ना? तोच आज विचारला की आपण विकासाच्या आड येतो.

कुणीतरी लगेच लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचा दाखला दिला. तिथला भाजीबाजार 1974 साली नदीपलीकडे हलवला, इमारत नीटनेटकी करून 1980 साली दुकानांसाठी उघडली, आज तिथे जत्रा असते. बरोबर आहे. पण तो घाऊक बाजार होता हो! मालाच्या गाड्यांनी गल्ल्या तुंबायच्या, हलवणं भागच होतं. आपला घाऊक बाजार केव्हाच गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. मंडईत उरलाय तो हातात पिशवी घेऊन येणाऱ्यांचा बाजार. तो हलवला की आजूबाजूचंही हलतं. भाजीला आलेली बाई बुरूड आळीतून पाखडायचं सूप घेते, बोहरी आळीत डोकावते, तुळशीबागेत काहीही काम नसताना तासभर घालवते. कॅफेत कॉफी प्यायला आलेला मुलगा सूप घेणार आहे का?

मंडईत घाण असते, पावसाळ्यात पाय घसरतो, पार्किंगच्या नावाने शंख आहे. मान्य. दहा मिनिटांत घरी भाजी आणून देणाऱ्या ॲपवरून मीही कोथिंबीर मागवते. तेही मान्य. पुढे.

दुरुस्ती करायचीच तर नीट करा. जुन्या दगडी भिंतीला सिमेंट थापू नका. चुन्याचं बांधकाम ओल बाहेर टाकतं, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. चुना मळणारे कारागीर अजून आहेत, त्यांना बोलवा. रोषणाई शेवटी. आधी छप्पर, मग गटारं, मग बायकांसाठी स्वच्छ संडास. पहाटेपासून ओट्यावर बसणारी बाई दिवसभर पाणी कमी पिते, का ते कधी विचारलंय कुणी? ड्रोनला ते दिसत नाही.

आणि सगळ्यांना एकदम उठवू नका. एकेक बाजू घ्या, ती झाली की तिथली माणसं परत बसवा, मग दुसरी. वेळ लागेल, लागू दे. जागा कुणाची कुठे ते आधीच नकाशावर मांडून सगळ्यांसमोर लावा. मावशींकडे चिठ्ठी होती, नकाशात मात्र त्या कुठेच नव्हत्या.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. व्हिडिओ करणारा मुलगा आमच्याच सोसायटीतला आहे, चांगला आहे, इमारतीवर त्याचं प्रेम आहे म्हणूनच ड्रोन घेऊन गेला असेल. त्याने कधी त्या ओट्यांसमोर उभं राहून भाव केला नसेल, एवढंच. आता तर मंडईला मेट्रोचं स्टेशन आहे, 2024 च्या सप्टेंबरपासून. पिंपरीहून बसलं की थेट मंडईत. माणसं आणायला बासरी कशाला हवी?

मावशी आता त्याच मंडईच्या बाहेर फुटपाथवर बसतात, छत्री लावून. अतिक्रमणाची गाडी आली की टोपली उचलून पळतात. या वयात. बटव्यात चिठ्ठी आहे अजून, मी पाहिलीय.

तर बाळा, तू हे वाचत असशील तर रविवारी सकाळी सातला माझ्याबरोबर मंडईत चल. पिशवी मी आणते. आणि कॅफे काढायचाच असेल तर पेठांत कुलूप लावून पडलेले वाडे कमी नाहीत. त्यातला एखादा नीट कर, तिथे काढ. पहिली कॉफी मी घेईन, पैसे देऊन.