नवतपात एसी, तोही एका पॅनेलवर!

रविवारी सकाळी सातला मामाजींचा फोन. "अरे, तो मेसेज पाहिला काय? एका सोलर पॅनेलवर अख्खी गाडी चालते म्हणते!" मामाजींनी जुनी मिनीबस घेतली आहे. तिच्यात पलंग, ओटा बसवून पेंच, चिखलदरा फिरायचा बेत आहे. हा मेसेज मी चार ग्रुपवर पाहून सोडून दिला होता. पण आता मामाजी पैसे मोजायला निघाले.

मेसेज म्हणतो: टपावर १०० वॅटचं पॅनेल, आत घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, की एसी, फ्रिज, इंडक्शन रात्रभर फुकट. ऊन जितकं तापेल तितकी वीज जास्त. आणि १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, तेव्हा फ्यूजचे पैसे वाचवा.

एसीचं आधी उरकतो. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. ही बॅटरी लेड-अ‍ॅसिडची, अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते. उरले ९००. एक टनाचा एसी हजारेक वॅट खातो. तासाभरात खेळ खलास, आणि तेवढं परत भरायला त्या पॅनेलला दोन दिवसांहून जास्त ऊन लागेल.

'तापेल तितकी वीज' हे तर नागपूरकरानं फॉरवर्ड करावं म्हणजे कमालच! माझ्यावर नका विश्वास ठेवू, पॅनेल उलटं करून मागचं लेबल वाचा. १०० वॅट हा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेला असतो. त्यावर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, हवा ४५ अंश, तर टपाच्या पत्र्याला चिकटलेलं पॅनेल सहज ६५-७०. म्हणजे पंधराएक टक्के तिथंच गेले. पॅनेलला उजेड हवा असतो, आपण त्यावर कुरड्या वाळवत नाही. निदान खाली हात जाईल एवढी फट ठेवा.

फ्रिजचं मात्र, नाइलाजानं, अर्धं मान्य. १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ४०-६० वॅटचा असतो. दोनेकशे वॅटचं पॅनेल असेल तर चालतो. पावसाळ्याचं बोलू नका.

आता फ्यूज. कोरड्या हाताला १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, कबूल. पण फ्यूज शॉकसाठी नसतोच, वायर जळू नये म्हणून असतो. २००० वॅटची इंडक्शन शेगडी घरी २३० व्होल्टवर ९ अँपिअरही ओढत नाही. तीच १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६६ अँपिअर ओढते, इन्व्हर्टरची गळती वेगळी. आणि शॉर्ट झालं तर बॅटरी शेकड्यांनी अँपिअर ओतते. वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते, आणि तिच्याखाली काय? प्लायवूड, फोमची गादी, मामीजींनी शिवलेले पडदे. फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच हवा. मेसेज लिहिणारा त्या गाडीत झोपणार नाहीये, मामाजी झोपणार आहेत.

एवढं ऐकून मामाजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, कूलर चालते काय?"

डीसी पंख्याचा छोटा चालते, म्हटलं. पाण्याचं तुम्ही पाहा.