गाव कसा सांभाळावा (मुंबईत राहून)

कोकणातला आपला गाव सांभाळायचा असेल, तर सगळ्यात आधी तो सोडावा. गावात राहून गावावर प्रेम करायला सवड कुठली? नारळ पाडायला माणूस मिळत नाही, ग्रामसेवक जागेवर नसतो, वीज गेली की उद्यावर जाते. प्रेम निवांत करायचं तर दिवा, डोंबिवली किंवा विरार गाठावं.

का गेलात असं कुणी विचारलं, तर पोटासाठी म्हणू नका. पोटासाठी आजोबा गेले होते. घरचं भात वर्षाला पुरत नव्हतं आणि गिरणीत पगार मिळत होता. लालबाग-परळच्या एका खोलीत वाडीतले वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपायचे. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकटीवर दुसरी आडवी. गावात उरले म्हातारे, बायका आणि मनिऑर्डर आणणारा पोस्टमन. २०११च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. लोक कौतुकाने म्हणतात, बघा, कोकणात मुली किती! असू द्या त्यांचा समज. मुलगे गाडीत बसलेत, हे कशाला सांगता?

१९८२च्या संपानंतर काही आजोबा परतले, पण मुलं तिकडेच रुजली होती. मग १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. आता पोरं घरी येतील म्हणून गाव खूश. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गाडी मुंबईकडेही जाते, हे गावाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

तुम्ही मात्र घर बांधाच. स्लॅबचं, खाली लाद्या, वर पत्र्याची शेड. बांधून झालं की कुलूप लावावं आणि चावी शेजारच्या काकीकडे द्यावी. काकीने वर्षभर झाडलोट करावी, तुळशीला पाणी घालावं. गणपतीत तिला फरसाणाचं अर्ध्या किलोचं पाकीट द्यावं, म्हणजे हिशेब मिटला. सातबाऱ्यावर सतरा नावं असतील तर उत्तम. वाटप चुकूनही करू नका, नाहीतर कुणीतरी जमीन कसायला घेईल.

रिकाम्या वेळात परप्रांतीयांवर बोलावं. लोकलमध्ये त्याला श्रोते भरपूर. फक्त त्याच वेळी गावाहून फोन आला तर उचलू नका. तो बागेतल्या नेपाळ्याचा असतो. हापूसच्या बागेत झोपडी बांधून तो राहतो, दिवसा वानर हाकलतो, रात्री चोर. मासेमारीच्या बोटींवरही त्याचेच गाववाले. वाडीतली शाळा पटाअभावी बंद व्हायची होती, ती त्याच्या पोरांवर चालली आहे. त्याची धाकटी अस्सल मालवणी बोलते. तुमचा मुलगा गावात पाऊल टाकताच विचारतो, "पप्पा, वायफाय कुठाय?" नेपाळातल्या डोंगरावर त्या माणसाच्याही घराला कुलूप आहे म्हणे, आणि चावी तिथल्या कुठल्याशा काकीकडे.

२०२०चा उन्हाळा विसरलेला बरा. आपल्याच गावच्या वेशीवर आडवा बांबू, आणि आपण १४ दिवस शाळेत. केवढा अपमान! तीच काकी खिडकीतून पेज द्यायची, हे सांगायची गरज नाही.

राहिले गणपती. ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता तिकिटासाठी मोबाइल घेऊन बसा; ८ वाजून ५ मिनिटांनी रेल्वेला शिव्या द्या. गावी पोचलात की पाच दिवस संस्कृती जपायची. भजनाला डबलबारीचा रंग राहिला नाही, दशावतारात पूर्वीची मजा नाही, गावातली पोरं पेटीवर बसत नाहीत, असं खळ्यात खुर्ची टाकून मोठ्याने सांगावं. कुठली पोरं, असं काकी विचारणार नाही. ती भांडी घासत असते.

निघण्याच्या दिवशी गाऱ्हाणं तेवढं चुकवू नका. म्हातारे गावकर हात जोडून उभे राहतात : "बा देवा म्हाराजा, ही तुजी पोरां मुंबैक चललीत, तेंची राखण कर रे म्हाराजा!" यावर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. तुम्ही तेव्हा डिकीत फणसाचे तळलेले गरे, कोकम आणि तांदळाची गोणी कोंबत असाल. काळजी नको, म्हणायला माणूस आहे. नेपाळ्याची धाकटी पायरीवरून खणखणीत ओरडते :

"व्हय म्हाराजा!"