अ‍ॅक्सेस बंद करू नका, ज्याचा त्याला लॉगिन द्या

आज डोकं फिरलंय. आमच्या पाणीपुरवठ्याच्या अ‍ॅपला जोडलेली क्यूजीआयएसची (नकाशे बघायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट फाइल कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आणि तिच्यात डेटाबेसचा मुख्य पासवर्ड होता. ती फाइल म्हणजे साधी झिप असते. आत एक्सएमएल, म्हणजे कुणालाही उघडून वाचता येणारा मजकूर, त्यात पासवर्ड जसाच्या तसा. ग्रुपवर ठेकेदाराची माणसंही आहेत. आणि नळजोडणीच्या टेबलात लोकांची नावं, मोबाइल नंबर, थकबाकी, सगळं.

हे वाईटच झालं. पण माझा खरा संताप दुपारच्या फतव्यावर आहे. म्हणे यापुढे बाहेरच्या कुठल्याही मॅपिंग टूलला अ‍ॅक्सेस नाही, ज्याला हवं त्याने एक्सेल मागावं. एक्सेल! पाइपलाइन एक्सेलमध्ये बघायची?

आमचे फील्डवरचे काका आहेत, आयुष्य व्हॉल्व फिरवण्यात गेलेलं. अ‍ॅपमध्ये त्यांना नुसते निळे ठिपके दिसायचे. पोस्टजीआयएसमधला (आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा नकाशे सांभाळणारा भाग) तोच लेअर क्यूजीआयएसमध्ये उपग्रहचित्रावर टाकला, आणि काका लगेच म्हणाले, "हा व्हॉल्व ओढ्याच्या पलीकडे कसा? तो अलीकडे, शाळेच्या भिंतीला लागून आहे." ती अख्खी ओळच सरकलेली निघाली. एक्सेलमधल्या अक्षांश-रेखांशांवरून कुणाला कळलं असतं हे?

आणि सुरक्षा म्हणाल तर करता येते हो! प्रत्येकाला स्वतःचा रोल, म्हणजे डेटाबेसचं खातं, फक्त वाचण्याचा. मूळ टेबल नाही, व्ह्यू द्या, म्हणजे त्या टेबलातलं निवडक तेवढंच दाखवणारी खिडकी, त्यात नाव-नंबरचे कॉलम घेऊच नका. कुणी कुठला झोन बघायचा हे ठरवणारी रो-लेव्हल सिक्युरिटी पोस्टग्रेसमध्ये 9.5 पासून आहे. मात्र व्ह्यू मालकाच्या हक्काने चालतो, त्यामुळे तो नियम गुपचूप वगळला जातो. म्हणून 15 व्या आवृत्तीपासून आलेला सिक्युरिटी इन्व्होकर लावायचा, म्हणजे व्ह्यू बघणाऱ्याच्या हक्काने चालतो. पासवर्ड प्रोजेक्टमध्ये नाही, क्यूजीआयएसच्या ऑथेंटिकेशन मॅनेजरमध्ये ठेवायचा. तिथे तो मास्टर पासवर्डखाली एन्क्रिप्ट होतो आणि फाइलमध्ये फक्त एक आयडी जातो. असं केलं असतं तर आजची फाइल गावभर फिरली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

हे काही रॉकेट सायन्स नाही. एकच किल्ली साऱ्या वाड्याला वाटायची आणि चोरी झाली की दारच भिंतीने बुजवायचं, हा कुठला न्याय? आणि गंमत बघा, फतवा निघाला, पण तो पासवर्ड संध्याकाळपर्यंत बदललेला नव्हता.

बरं, डेटाबेसचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, हे मान्य. व्हीपीएन ठेवा, नाहीतर टोकन लावून डब्ल्यूएफएस (नकाशाचा डेटा वेबवरून देणारी सेवा) द्या. थोडं हळू चालेल, चालू दे.

थोडं शांत होऊन लिहिते. फतवा काढणारे घाबरले आहेत, ते मला कळतं. लोकांचे नंबर बाहेर जाणं ही भीती खोटी नाही. पण काकांनी कधी डेटा बदलायला मागितलाच नाही. त्यांना फक्त बघायचं होतं. दुरुस्ती अ‍ॅपमधूनच झाली, नेहमीच्या तपासणीतून. बघणं आणि बदलणं यांत फरक करायला आपण कधी शिकणार?

उद्या मी काकांसाठी लॉगिन लेखी मागणार आहे. त्यांच्याच नावाने, त्यांच्या झोनपुरता, वाचण्यापुरता. नाकारलात तर कारणही लेखीच द्या.