झुडपं मेपर्यंत राहू द्या

आज सकाळी सहा वाजता दारातल्या लिंबातून 'च्विस्ली' ऐकू आलं आणि जीव सुखावला. म्हणजे तो अजून गेलेला नाही. हिरवट पर्णवटवट्या, थंडीपुरता येणारा पाहुणा पक्षी. आम्हा पक्षी बघणाऱ्यांत सगळे त्याला इंग्रजी नावावरून ग्रीनिशच म्हणतात. पावसाळा सरता सरता येतो आणि एप्रिल उलटता उलटता जातो. वजन साधारण ८ ग्रॅम, दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एवढासा जीव, पण थंडीभर आपली हद्द राखतो. दक्षिण भारतात ओळखीसाठी पायात कडी घातलेले हे पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच जागी सापडले आहेत. माझ्या लिंबावरचा गेल्या वर्षीचाच असेल, असं मी धरून चाललोय.

लिंबाला सध्या फुलोरा आहे. दुर्बिणीतून बघत बसलो. एक पान वरून, मग खालून, मग देठापाशी. मधेच हवेत जागच्या जागी फडफडून पानाच्या पोटाला चिकटलेला किडा टिपतो, की गेला पुढच्या फांदीवर. डोळ्यावर फिकट पिवळसर भुवई. पंखावरची पांढुरकी पट्टी मात्र एप्रिलपर्यंत झिजून जाते, म्हणून नवख्यांना मी सांगतो की पट्टीच्या नादी लागू नका, आवाज ऐका.

सोलापुरात पक्षी म्हटलं की नान्नजचा माळढोक, नाहीतर उजनीचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तो मान त्यांचाच. पण या वटवट्यांकडे बघायला कुणाला सवड नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रविवारी हिप्परगा तलावावर गेलो होतो. काठच्या बाभळीत, बोरीच्या जाळीत 'चक्... चक्' चाललं होतं, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसं. ब्लाइथचा बोरू वटवट्या. मातकट रंगाचा, सहसा दिसत नाही. थंडीभर नुसतं चक् चक् करणारा हा पक्षी निघायची वेळ झाली की गायला लागतो. हळू, घशातल्या घशात, मधे दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला पेरत. त्याची वीण फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या पट्ट्यात, त्यामुळे पुरं गाणं तिकडेच. आपल्या वाट्याला रियाज येतो. अर्धा तास मी जाळीसमोर उकिडवा बसून होतो, पाय भरून आले तरी उठवेना. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४९ मध्ये याला नाव दिलं ड्युमेटोरम, म्हणजे झुडपांचा. नावातच पत्ता आहे.

आणि झुडपं आपण तोडतो कधी? नेमकी मार्च-एप्रिलमध्ये. गेल्या वर्षी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. बाभूळ, बोर, तरवड, सगळं दुपारपर्यंत सपाट. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे एकही चक् ऐकू आलं नाही. निघण्याआधी हे पक्षी पोटभर खाऊन अंगावर चरबी चढवतात, तीच त्यांची शिदोरी. रात्री उडायचं, दिवसा जिथे हिरवं दिसेल तिथे उतरून खायचं. शिदोरी बांधायच्या दिवसांतच आपण त्यांचं ताट ओढून घेतो.

शेजारचे काका म्हणतात, झुडपात साप येतात, कचरा साठतो. काळजी खरी आहे. पण कचरा आपणच टाकतो, तो उचला की. पायवाटेपासून चार हात साफ करा, बाकीचं मेच्या मध्यापर्यंत राहू द्या. वेडी बाभूळ काढायला माझी ना नाही, पण ती काढून तिथे गवताची हिरवळ अंथरणार असाल तर वटवट्याला त्याचा काही उपयोग नाही. बोर लावा, देशी बाभूळ लावा, लिंब लावा. वरच्या अधिकाऱ्यांना दोनदा अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. तिसरा लिहून ठेवलाय.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मी हिप्परग्याच्या बांधावर आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या, पोरांना आणा. दुर्बीण नसली तरी चालेल. पाण्याची बाटली मात्र घ्या, आठ वाजल्यापासून ऊन भाजायला लागतं.